मेलेला प्रवाळ, रिकामी जमीन

मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'आहे' या क्रियापदापाशी अडकून पडलो होतो, आणि काहींनी कळवलं की डोकं जड झालं. म्हणून आज जरा समुद्रावर जाऊ. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता ऑस्ट्रेलियात केर्न्सला जाऊन आलो, त्याविषयी बोला असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. प्रवासवर्णन ही आमची विद्या नव्हे. पण तिथे एक वाक्य आम्हाला पुन्हा पुन्हा भेटलं, आणि त्या वाक्याचा उलगडा करायचा तर ते शहर, तो समुद्र आणि ते जंगल, सगळंच सांगावं लागेल.

वाक्य साधं आहे. आमच्या एका जुन्या मित्राने निघण्यापूर्वीच ते फोनवर ऐकवलं होतं : "कशाला जाताय आता? ते प्रवाळ कधीच मेलेत."

आधी शहर. केर्न्स हे क्वीन्सलंड राज्याच्या उत्तरेकडचे, पॅसिफिकच्या काठावरचे बंदर. १८७६ साली डोंगरापलीकडच्या हॉजकिन्सन भागात सोने सापडले, त्याच्या वाहतुकीसाठी ते वसले, आणि तेव्हाच्या गव्हर्नरांचे आडनाव त्याला मिळाले. मूळ यिडिंजी लोकांचे त्या जागेचे नाव गिमुय, तिथल्या एका जातीच्या उंबरवर्गीय झाडावरून आलेले. आज दीड लाखाच्या वर वस्ती आहे. आपल्याला वाटतं, समुद्राकाठचं शहर म्हणजे वाळू असणार. केर्न्सच्या समोर वाळू नाही! ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो, कडेला तिवरांची झाडी, आणि 'मगरींपासून सावध' अशा पाट्या. चिखलात लांब चोचींचे पक्षी टिपत हिंडत असतात. लोकांना पोहायला म्हणून २००३ मध्ये काठावरच खाऱ्या पाण्याचा एक मोठा तलाव बांधला. म्हणजे समुद्र समोर आणि माणसं तलावात. आमच्या सौभाग्यवतींना हे फार गमतीचं वाटलं.

शहराच्या पाठीला लागूनच हिरवे डोंगर आहेत, त्यांवर वर्षावन. डोंगर आणि किनारा यांच्या मधल्या सपाटीत ऊस. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटावं इतका ऊस, त्यात उसाच्या छोट्या रेल्वेचे रूळ. आणि समोर, बोटीने सुमारे दीड तासावर, ग्रेट बॅरियर रीफ. ही एक सलग भिंत नाही. सुमारे २,९०० लहानमोठे प्रवाळखडक २,३०० किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेले आहेत. दिल्ली ते कन्याकुमारी सरळ रेषेत मोजा, तेवढं अंतर. जंगल, ऊस, प्रवाळ, हा क्रम लक्षात ठेवा. डोंगरावर पडलेला पाऊस जंगलातून आणि उसातून वाहत जाऊन प्रवाळाच्या अंगावर पोचतो, शेतातली माती आणि खत घेऊन. तिन्ही गोष्टी नकाशावर वेगळ्या, पाण्याच्या हिशेबात एक.

आता ते वाक्य. दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीने बाहेरच्या खडकांवर गेलो. वयोमानाने आम्हाला बुडी मारता येत नाही, म्हणून तळाला काच असलेल्या होडीत बसलो. जाहिरातींत निळे, जांभळे, गुलाबी बगीचे पाहिलेले असतात. खाली दिसलं ते बहुतेक तपकिरी. मातकट, शेवाळी, पिवळसर तपकिरी. मधूनच एखादी निळी फांदी, आणि मासे मात्र खरोखर रंगीत. आमच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, सगळं मेलेलं आहे." आम्हीही मनात तेच म्हणत होतो, हे कबूल करायला हवं.

होडीवरच्या सागरी जीवशास्त्राच्या जाणकार मुलीने मग समजावलं, आणि आमची फजिती झाली. प्रवाळाचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, मोहरीएवढा ते नखाएवढा असतो. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न करते आणि बरेचसे यजमानाला देते. त्याच्या जोरावर पॉलिप स्वतःभोवती चुनखडीचा सांगाडा रचतो. तपकिरी रंग या शैवालाचा. म्हणजे तपकिरी दिसणारा प्रवाळ हा जेवून-खाऊन असलेला प्रवाळ! पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभराने जरी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. तो पांढराशुभ्र, स्वच्छ, फोटोत सुंदर दिसणारा प्रवाळ उपाशी असतो. पण मेलेला नसतो! पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते आणि तो सावरतो. नाही निवले तर मरतो, आणि मग त्याच्यावर दुसरेच शेवाळ चढून तो पुन्हा तपकिरी-हिरवा दिसायला लागतो.

म्हणजे बघा, जिवंत तो तपकिरी, मरणाच्या दारातला पांढरा आणि मेलेला परत मळकट. नुसत्या नजरेने निदान करणारा तिन्ही वेळा चुकू शकतो. आमच्या सौभाग्यवती तीस वर्षं परिचारिका होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, मेलं म्हणायच्या आधी नाडी बघायची असते."

आणखी एक अडचण आहे, ती आमच्या विषयातली. प्रवाळखडकाचा फार मोठा भाग सदैव मेलेलाच असतो. आज जिवंत आहे ती फक्त वरची पातळ साल. तिच्याखाली हजारो वर्षांच्या पूर्वजांचे सांगाडे. शेवटचे हिमयुग सरले, समुद्र चढला, आणि जुन्या चुनखडीच्या चौथऱ्यांवर ही नवी वस्ती गेल्या आठ-नऊ हजार वर्षांत उभी राहिली. झाडाचंही तसंच आहे म्हणा, खोडातला गाभा मेलेलाच असतो. पण झाडाला कुणी 'बहुतांशी मृत' म्हणत नाही. मग प्रवाळखडक जिवंत म्हणायचा की मृत? हा प्रश्न कुणाला शब्दांचा खेळ वाटेल. केर्न्सच्या परिसरात तो एकदा प्रत्यक्ष सुनावणीत उभा राहिला होता.

१९६७ सालची गोष्ट. केर्न्स भागातल्या एका ऊस उत्पादकाने अर्ज केला की, दक्षिणेला इनिसफेल गावासमोरच्या समुद्रात एलिसन रीफ नावाचा खडक आहे, तो मेलेला आहे, तर त्यातली चुनखडी खणून काढायला परवानगी मिळावी. चुनखडी हवी होती उसाच्या शेतीला. अतिपावसाच्या जमिनी आंबट होतात, त्यांना चुना घालावा लागतो. मागणीत वेडेवाकडे काही नव्हते. शेतकऱ्याला खत हवं, खडक तर मेलेला, कुणाचं काय जातंय?

जवळच्या बिंगिल बे इथे जॉन ब्यूस्ट नावाचे एक चित्रकार राहत होते. त्यांनी हरकत घेतली. त्यांच्या साथीला कवयित्री ज्युडिथ राइट आणि वर्षावनांचे अभ्यासक लेन वेब होते. एक चित्रकार, एक कवयित्री, एक जंगलशास्त्रज्ञ. समुद्राचा अधिकृत माणूस यांत एकही नाही. उलट समुद्राच्या अभ्यासकांपैकी काही जण 'नियंत्रित वापर' करायला हरकत नाही अशा मताचे होते. प्रश्न असा होता की 'मेलेला आहे' हे विधान खोडायचं कसं? कवितेने ते खोडता येत नाही. त्यासाठी खाली उतरून मोजावं लागतं. क्वीन्सलंडमधल्या हौशी विद्यार्थी पाणबुड्यांचा एक छोटा गट ते करायला तयार झाला. ते एलिसन रीफवर उतरले आणि मोजदाद घेऊन आले : जिवंत प्रवाळांच्या ८८ जाती, मृदुकायांच्या ६०, माशांच्या १९०.

हा झाला अर्धा जबाब. उरलेला अर्धा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने असंही मांडलं गेलं की खडकाचा जो भाग मेलेला आहे, तोही खडकाच्या जगण्यातच मोडतो. त्याच्या कपारींत मासे राहतात, त्याच्यावर नवे प्रवाळ रुजतात. मेलेला भाग खणून नेलात तर जिवंत भागाखालची जमीनच नेलीत. तर्काच्या भाषेत सांगायचं तर 'मृत' हे विशेषण भागाला लागू होतं, म्हणून ते समग्राला लागू होत नाही. आणि भागाला लागू असलं तरी 'म्हणून तो निरुपयोगी' हे त्यातून निघत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपण हा दोष फळ्यावर शिकवतो. इथे त्या दोषावर एक खडक उभा-आडवा होणार होता. अर्ज १९६८ मध्ये फेटाळला गेला.

प्रकरण तिथे संपलं नाही. त्याच काळात समुद्राचे मोठमोठे पट्टे तेलशोधासाठी दिले गेले होते आणि ती लढाई बरीच वर्षं चालली. ब्यूस्ट १९७१ मध्ये वारले. १९७५ मध्ये सागरी उद्यानाचा कायदा झाला, १९८१ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंद झाली. ज्युडिथ राइट यांनी सगळी हकिकत १९७७ मध्ये पुस्तकरूपाने लिहिली, 'द कोरल बॅटलग्राउंड' या नावाने. मिळालं तर वाचा.

आता आम्हाला काय म्हणायचंय ते सांगतो. 'खडक मेलेला आहे' हे वाक्य व्याकरणाने वर्णन आहे. कामाने ते परवाना आहे. ते बोललं गेलं की पुढची कृती आपोआप मोकळी होते.

हे आम्हाला पुस्तकातून कळलेलं नाही. आमचे थोरले बंधू अकरा वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आता त्यांच्यात काही राहिलेलं नाही." आम्ही पुढचे उपचार थांबवण्याच्या कागदावर सही केली. सही चुकली असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी तपासलं होतं, यंत्रं लावली होती, दोनदा खात्री केली होती. पण ते वाक्य नुसतं वर्णन नव्हतं, आमच्या हातात पेन देणारं होतं, हे आम्हाला सही करताना कळलं. इतकी वर्षं भाषेचं तत्त्वज्ञान शिकवून तोवर कळलं नव्हतं. म्हणून त्या होडीत शेजारच्या गृहस्थांचं "सगळं मेलेलं" ऐकलं आणि आपणही मनात तेच म्हटलं, तेव्हा छातीत जरा कळ आली. तपासल्यावाचून म्हटलं होतं ना.

केर्न्सच्या आसपास या वाक्याची भावंडं बरीच आहेत. एक जंगलातलं. १९०२ मध्ये लुडविग डील्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने केर्न्सच्या दक्षिणेला एका विचित्र झाडाचे नमुने गोळा केले. पुढे ते झाड कुणाला सापडेना, कारण तिथलं जंगल उसासाठी साफ झालं होतं. झाड नामशेष धरलं गेलं. मग १९७१ मध्ये उत्तरेला डेनट्री भागात एका शेतकऱ्याची गुरं मेली आणि त्यांच्या पोटात मोठमोठ्या बिया निघाल्या. तेच झाड! इडिओस्पर्मम हे त्याचे नाव, सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या घराण्यातले. नामशेष म्हणून ज्याचं नाव कमी केलं होतं, ते गुरांच्या पोटातून परत आलं. आम्ही ते झाड पाहिलं. दिसायला अगदी सामान्य आहे, वाटाड्याने दाखवलं नसतं तर पुढे गेलो असतो.

दुसरं भावंड याहून जड आहे. कुकचे जहाज ११ जून १७७० च्या रात्री केर्न्सच्या उत्तरेला प्रवाळावर आदळले, कसेबसे वाचले, आणि ऑगस्टमध्ये त्याने सगळा पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे जाहीर केला. पुढे कायद्याने या खंडाला 'कुणाचीच नसलेली जमीन' धरले. हेही वर्णनच, नाही का? माणसं समोर उभी होती. यिडिनी भाषेतल्या जुन्या कथा सांगतात की एके काळी किनारा फार पुढे, आज प्रवाळ आहेत तिथवर होता आणि मग समुद्र चढला. म्हणजे समुद्र चढल्याची आठवण ज्यांच्या भाषेत टिकून आहे, त्यांची जमीन 'रिकामी' ठरली. हे वर्णन खोडून निघायला दोनशेहून अधिक वर्षं लागली. ते खोडलं एडी माबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. माबो हे मेर बेटाचे, आणि हे बेट याच प्रवाळपट्ट्याच्या उत्तर टोकाला आहे. तिथे घराघराच्या बागा, बांध, वारसाहक्क सगळं ठरलेलं होतं. ते एकेक करून न्यायालयात मांडलं गेलं. पाणबुड्यांनी प्रवाळ मोजले तसंच हे, वाफा न् वाफा मोजणं. ३ जून १९९२ रोजी निकाल लागला. माबो त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. डेनट्रीचं राष्ट्रीय उद्यान २०२१ मध्ये पूर्व कुकू यलान्जी लोकांच्या मालकीत परत आलं, आता ते सरकारबरोबर त्याची व्यवस्था बघतात.

आता आमच्या शास्त्राबद्दल थोडं. पर्यावरणाच्या नीतिशास्त्रात 'शेवटचा माणूस' नावाचा एक प्रसिद्ध युक्तिवाद आहे. तो ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या रिचर्ड राउटली यांचा, १९७३ चा. समजा, जग संपलं आहे आणि एकच माणूस उरला आहे. मरण्यापूर्वी तो दिसेल ते झाड, दिसेल तो प्राणी नष्ट करत सुटतो. कुणाही माणसाचं नुकसान होत नाही. तरी तो चुकतोय असं आपल्याला वाटतं की नाही? वाटत असेल, तर निसर्गाचं मोल माणसाच्या उपयोगापुरतं नाही, हे तुम्ही मान्य केलंत. आम्ही हा युक्तिवाद वर्गात बरीच वर्षं मोठ्या प्रेमाने शिकवला. केर्न्सहून आल्यावर त्याच्याबद्दल थोडी कुरकुर आहे. हा शेवटचा माणूस निदान जाणतो तरी की समोरचं जिवंत आहे! असा खलनायक आम्हाला कुठे भेटत नाही. भेटतो तो सभ्य अर्जदार. तो काहीच मारत नाही. तो फक्त म्हणतो, हे आधीच मेलेलं आहे.

याचा एक नवा अवतार आपल्या फोनवर येतो. २०१६ मध्ये मोठं विरंजन झालं, उत्तरेकडच्या भागात त्यात पुष्कळ प्रवाळ खरोखर मेले. तेव्हापासून 'ग्रेट बॅरियर रीफ : मृत्यू' असल्या मथळ्यांचं पीक आलं. त्यानंतर २०१७, २०२०, २०२२, २०२४, पुन्हा पुन्हा विरंजन. आधी १९९८ आणि २००२ ही होतीच. दोन विरंजनांमधलं अंतर कमी होत चाललंय, सावरायला वेळ मिळत नाही, हे दुखणं खरं आहे आणि त्याचं कारण तापलेलं पाणी आहे. पण आमच्या मित्राचं "कधीच मेलेत" हे दुःखाचं वाक्य असूनही त्याचं काम अर्जदाराच्या वाक्यासारखंच झालं. मेलंय ना? मग आता विचार करायला नको. उलट बाजूला पर्यटनवाल्यांचं "सगळं छान आहे" हेही परवानाच देतं, तिकीट काढण्याचा. दोघेही खाली उतरून मोजायचे कष्ट घेत नाहीत.

आणि आम्ही? आम्ही मुलीकडे ब्रिस्बेनला गेलो होतो, तिथून विमानाने केर्न्स. ज्या धुराने ते पाणी तापतंय त्यात आमच्या दोघांच्या तिकिटांचा वाटा आहे. याला आमच्याकडे चतुर उत्तर नाही. तुम्ही विचारण्याआधी सांगून टाकतो, एवढंच.

आपल्याकडे पोवळं म्हटलं की मंगळाची अंगठी आठवते. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, खोल पाण्यातलं, खडक न बांधणारं. खडक बांधणारे प्रवाळ आपल्या मालवणच्या समुद्रात आहेत, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारी आंग्रिया बँक आहे. यातलं आम्ही काहीच पाहिलेलं नाही. केर्न्सला जाऊन आलो आणि मालवणला काचेखाली पाहिलं नाही, याची थोडी लाज वाटते.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी, कारण पत्रांतून विचारणा होतेच. जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ बरा. नोव्हेंबर ते मे किनाऱ्याच्या पाण्यात विषारी जेलीफिश असतात, तेव्हा अंगभर पोशाख घालूनच पाण्यात उतरतात. चिखलाच्या काठी आणि खाड्यांत कधीही उतरू नये, पाट्या शोभेच्या नाहीत. डोंगरावर कुरांड्याला १८९१ पासूनची रेल्वे जाते, हाताने खोदलेले १५ बोगदे आहेत. जाताना रेल्वेने, येताना जंगलावरून जाणाऱ्या दोरीमार्गाने यावं. समुद्र लागत असेल तर बोटीत मागे बसा. आणि जमलंच तर नोव्हेंबरच्या सुमारास, पौर्णिमेनंतरच्या चार-सहा रात्री साधा. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचे हे दिवस. तेव्हा अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी बीजं सोडतात, आणि सकाळी पाण्यावर गुलाबी साय धरलेली असते म्हणतात. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, त्यामुळे ते हुकलं.

होडीतून उतरताना सौभाग्यवतींनी त्या मुलीला विचारलं, पांढरा पडलेला प्रवाळ जगेल की नाही हे तुम्हाला कसं कळतं? ती म्हणाली, लगेच कळत नाही, त्याच जागी काही आठवड्यांनी पुन्हा उतरावं लागतं. सौभाग्यवती म्हणाल्या, "आमच्या वॉर्डातही तसंच होतं."

बरं, आता प्रश्न घेऊ.